गाव आधी, सिद्धांत मागून : औद्योगिक क्लस्टरची पार्श्वभूमी

१८८७ साली ब्रिटनच्या संसदेने व्यापारी चिन्हांविषयी एक कायदा केला. शेफिल्डच्या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्यांची तक्रार होती, की जर्मनीतले कारखानदार आपल्या मालावर शेफिल्डचे नाव घालून तो खपवतात. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या अशा मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले, आणि 'मेड इन जर्मनी' हे शब्द बाजारात आले ते कमी दर्जाच्या मालाची खूण म्हणून. पुढे त्याच शब्दांना केवढा भाव आला हे सांगायला नको. पण या भांडणात लक्ष देण्यासारखे आहे ते वेगळेच. जे नाव चोरीला गेल्याची ओरड होती ते कुठल्याही कंपनीचे नव्हते. ते एका गावाचे होते, आणि ज्यांच्यावर आळ होता तेही सोलिंगेन नावाच्या एका गावाचेच होते.

तीन वर्षांनी, १८९० मध्ये, केंब्रिजचा अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल याने आपल्या ग्रंथातल्या एका प्रकरणात विचारले, की एकाच धंद्याची शेकडो माणसे एकाच जागी का गोळा होतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच का टिकतात. आज ज्याला औद्योगिक क्लस्टर म्हणतात त्याच्या विचाराचा आरंभ याच प्रकरणापासून धरतात. शेफिल्डमध्ये तोवर निदान पाच शतके सुऱ्या बनत होत्या. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या इंग्रजी काव्यातही शेफिल्डच्या सुरीचा उल्लेख सापडतो. गाव आधी आणि सिद्धांत मागून, हा क्रम या विषयात पुढेही वारंवार दिसतो. धोरण आखणाऱ्यांची गफलत बहुतेक वेळा हा क्रम उलटा करण्यातूनच झाली आहे.

शब्दाबद्दल एक खुलासा. मराठीत 'उद्योगसमूह' म्हटले की एखाद्या घराण्याच्या पाच-पन्नास कंपन्या डोळ्यांपुढे येतात. इथे विषय आहे तो मालक वेगवेगळे पण धंदा आणि परिसर एक, अशा वस्तीचा : कारखाने, त्यांना सुटे भाग पुरवणारे, यंत्रे दुरुस्त करणारे, माल उचलणारे व्यापारी, आणि या सगळ्यांत इकडून तिकडे फिरणारे कामगार. 'क्लस्टर' हाच शब्द आता कारखानदारांच्या तोंडी बसला आहे, म्हणून तोच घेतो.

शेफिल्डची हवा

शेफिल्डच का, याचे शाळकरी उत्तर निसर्गाकडे बोट दाखवते. टेकड्यांतून उतरणाऱ्या पाच नद्या पाणचाके फिरवायच्या, जवळच्या डोंगरात धार लावायला उत्तम असा खरखरीत दगड मिळायचा, भट्टीसाठी जंगल होते. यादी भरगच्च आहे, फक्त मुख्य वस्तू गहाळ आहे. चांगल्या पोलादाला लागणारे लोखंड तिथल्या खाणींतून मिळत नव्हते, ते स्वीडनमधून जहाजाने यायचे. म्हणजे एका टप्प्यानंतर गावाला धरून ठेवणारी गोष्ट जमिनीखाली उरली नव्हती, ती माणसांच्या हातात आली होती.

हे हात कसे वाटले गेले होते ते पाहण्यासारखे आहे. एक जण पाते ठोकून घडवी, दुसरा दगडावर घासून धार आणी, तिसरा हस्तिदंताची, शिंगाची किंवा हाडाची मूठ बसवी. यांतले कित्येक कुणाचे नोकर नव्हते. त्यांना 'लिटल मेस्टर' म्हणत, म्हणजे छोटे उस्ताद. घिसाईवाला पाणचाकीवरची किंवा पुढे वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या कारखान्यातली एक जागा भाड्याने घेई, दोन-तीन शिकाऊ पोरे हाताशी ठेवी आणि जो व्यापारी काम देईल त्याचे करी. १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने शेफिल्डभोवतीच्या हॅलमशायर परगण्यातल्या सुरीकारांची 'कंपनी', म्हणजे कारागिरांचा संघ, स्थापन झाली होती. कुणी कुठली खूण आपल्या पात्यावर ठोकायची याची नोंद ती ठेवी, उमेदवारीचे नियम ठरवी आणि हलका माल काढणाऱ्याला आवरी. आजच्या भाषेत ब्रँड, प्रशिक्षण आणि दर्जा-तपासणी हे तिन्ही एकाच छपराखाली.

अठराव्या शतकाच्या मध्याला बेंजामिन हंट्समन नावाचा घड्याळजी शेफिल्डजवळ येऊन राहिला. घड्याळाच्या स्प्रिंगसाठी त्याला एकजिनसी पोलाद हवे होते, म्हणून त्याने मुशीत वितळवून पोलाद करण्याची रीत शोधली. सांगतात ते असे, की शेफिल्डच्या सुरीकारांनी ते 'फार कडक' म्हणून नाकारले, हंट्समनने ते फ्रेंचांना विकले, आणि फ्रेंच सुऱ्या इंग्लंडच्या बाजारात येऊ लागल्यावर याच मंडळींनी त्या पोलादाच्या निर्यातीवर बंदी घालण्याची खटपट केली. कथेला मीठमसाला लागला असेल, पण असल्या गावांचा स्वभाव तिच्यात बरोबर उतरला आहे. नवे काही दाराशी आले की आधी नाक मुरडायचे, आणि ते शेजाऱ्याच्या हाती लागले की ते आपलेच म्हणून भांडायचे.

मार्शलने या गुंत्यातून तीन कारणे वेगळी काढली. पहिले, कुशल कामगार आणि त्यांना शोधणारे मालक यांची गाठ सहज पडते. एकाचे काम सुटले तर चार घरे सोडून दुसरे मिळते. दुसरे, मुख्य धंद्याभोवती जोडधंदे उगवतात : हत्यारे करणारे, कच्चा माल आणणारे, वाहतूकवाले. एकट्या कारखान्याला जे यंत्र परवडले नसते ते चाळीस कारखान्यांचे काम घेणाऱ्याला परवडते. तिसरे सर्वांत नाजूक आहे. धंद्यातली गुपिते गुपिते राहत नाहीत, ती जणू हवेत असतात आणि मुले नकळत शिकतात, अशा अर्थाचे त्याचे वाक्य या विषयात सर्वाधिक उद्धृत झालेले असावे.

पण त्या हवेत आणखीही काही होते. कोरड्या दगडावर घिसाई करताना उडणारी धूळ फुप्फुसात जाई, आणि काटे घासणारे कामगार तर ऐन उमेदीत दगावत. हा 'घिसाईवाल्यांचा दमा' एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवला आहे. ज्या जवळिकीने कसब पसरते त्याच जवळिकीने आजारही एका धंद्याचा आणि एका वस्तीचा होऊन बसतो. क्लस्टरच्या कौतुकात ही दुसरी हवा बहुधा वगळली जाते.

आणि हो, ज्या वर्षी मार्शलचे पुस्तक आले त्या वर्षी शेफिल्डचा सुरीधंदा आधीच जर्मन स्पर्धेने हैराण होता. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्लीने तिथेच गंज न चढणारे पोलाद काढले, गावाला आणखी आयुष्य मिळाले, पण पूर्वीची सद्दी परतली नाही. सोलिंगेनने मात्र धडा घेतला. १९३८ मध्ये जर्मनीत कायदाच झाला, की सोलिंगेन हे नाव त्या भागात बनलेल्या दर्जेदार मालावरच घालता येईल. शेफिल्डचे नाव वापरल्याचा ज्यांच्यावर आळ होता, त्यांनी आपल्या नावाला कायद्याचे कुंपण घातले.

मधली पन्नास वर्षे

त्यानंतर हा विचार अडगळीत गेला, आणि त्याला कारणही होते. काळ फोर्डचा होता. डेट्रॉईटजवळच्या रूज नदीकाठच्या कारखान्यात एका बाजूने लोहखनिज आत जाई आणि दुसरीकडून मोटार बाहेर येई. सगळे एका मालकाच्या छताखाली होत असताना छोट्या उस्तादांची गावे जुनाट वाटणारच. आल्फ्रेड वेबरने १९०९ मध्ये कारखान्याची जागा वाहतूक, मजुरी आणि एकत्र येण्याचे फायदे यांच्या गणिताने कशी ठरते हे मांडले, पण त्याच्या आकडेमोडीत मार्शलची 'हवा' मावत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर मागास भागांचे काय करायचे हा प्रश्न सरकारांपुढे आला. फ्रान्स्वा पेरू या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये 'विकासध्रुवा'ची कल्पना मांडली. वाढ सगळीकडे एकदम होत नाही, काही जोरकस उद्योगांपाशी सुरू होते आणि तिथून पसरते, असे त्याचे म्हणणे. पेरूचा ध्रुव नकाशावरचा ठिपका नव्हता, तो उद्योगांच्या परस्परसंबंधांतला होता. पण प्रशासनाला नकाशा समजतो. ठिपका ठेवायचा, तिथे मोठा कारखाना आणायचा, बाकीचे आपोआप जमा होईल, असा त्याचा सरकारी अर्थ झाला.

दक्षिण इटलीत तो सर्वांत ठळकपणे अमलात आला. तिथल्या विकासासाठी १९५० मध्येच खास निधी उभा केला होता. तारांतोला प्रचंड पोलाद कारखाना १९६५ मध्ये रीतसर सुरू झाला, सिसिलीतल्या जेला इथे पेट्रोरसायनांचा प्रकल्प आला. रोजगार मिळाला, पण कारखान्याला लागणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी बाहेरून आल्या, तयार माल बाहेर गेला, आणि भोवती जे उगवायचे होते ते फारसे उगवलेच नाही. इटालियन लोक अशा प्रकल्पांना 'वाळवंटातली कॅथीड्रल' म्हणू लागले.

चिंध्यांचे गाव

त्याच देशाच्या मध्यात मात्र सरकारी नकाशावर नसलेले काहीतरी घडत होते. फ्लॉरेन्सजवळचे प्रातो हे लोकरीच्या कापडाचे जुने गाव. एकोणिसाव्या शतकापासून तिथे जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या गोळा करून, पिंजून, पुन्हा सूत काढण्याचा धंदा होता. गठ्ठे दूरदेशाहून येत. चिंध्या निवडणारे लोक कापड बोटांत चोळून त्यात लोकर किती आणि भेसळ किती हे ओळखत. रंगांची निवड इतकी बारीक, की कित्येकदा सूत पुन्हा रंगवावेच लागत नसे.

महायुद्धानंतर बाजार कोसळला तेव्हा तिथल्या मोठ्या गिरण्यांनी कामगार कमी केले आणि मागही त्यांनाच विकले किंवा भाड्याने दिले. माणूस घराच्या तळमजल्यावर माग टाकून त्याच गिरणीचे काम कंत्राटावर करू लागला. ही कुणाच्या दूरदृष्टीची योजना नव्हती. मालकाला पगार, विमा आणि युनियन टाळायची होती. पण काही वर्षांत त्या विणकराच्या ध्यानात आले, की आपण एकाच गिरणीला बांधलेलो नाही. शेजारी कातणारा होता, पलीकडे रंगारी, त्यापुढे फिनिशिंगवाला. या सर्वांना जोडणारा 'इंपान्नातोरे' नावाचा माणूस बहुतेकदा स्वतः एकही यंत्र न ठेवता नमुने तयार करी, ऑर्डर आणी आणि काम वाटून देई. फॅशन बदलली की साखळी नव्याने जुळवायची, कारखाना मोडायला लागत नसे.

फ्लॉरेन्सच्या विद्यापीठात शिकवणारे जाकोमो बेकात्तिनी हे सारे जवळून पाहत होते. १९७९ मध्ये त्यांनी मार्शलची ती विसरलेली पाने वर काढली आणि मांडले, की अभ्यासाचे एकक 'कापड उद्योग' किंवा 'चामडे उद्योग' असे धरू नये, 'प्रातो' असे धरावे. कारण तिथे कारखाना आणि समाज हे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एक काढून दुसऱ्याचे मोजमाप करता येत नाही. उधारी कुणाला द्यायची, शब्द कुणाचा पाळला जातो, नमुना चोरणाऱ्याला गावात कसे वागवायचे, हे सगळे उत्पादनखर्चात धरायला हवे. दोन वर्षे आधी समाजशास्त्रज्ञ आर्नाल्दो बान्यास्को यांनी उत्तरेची मोठ्या कारखान्यांची इटली आणि दक्षिणेची गरीब इटली यांखेरीज एक 'तिसरी इटली' दाखवून दिली होती. तिच्यात टाइल्सचे सास्सुओलो होते, विणलेल्या कपड्यांचे कार्पी होते. १९८४ मध्ये मायकेल पायोरे आणि चार्ल्स सेबल या अमेरिकन अभ्यासकांनी तर अजस्र कारखान्यांचे युग सरत आले असून भविष्य अशा लवचीक गावांचे आहे अशी मांडणी केली.

साधारण त्याच सुमारास प्रातोच्या पुनर्वापरी लोकरीची मागणी घसरू लागली. सिद्धांत जगभर गाजत होता आणि गावात माग भंगारात जात होते. रिकाम्या झालेल्या गाळ्यांत १९९० नंतर चीनच्या वेन्झोऊ भागातून आलेल्या लोकांनी तयार कपड्यांची शिलाई सुरू केली. वेन्झोऊ म्हणजे स्वतःच छोट्या कौटुंबिक कारखान्यांचे आणि उधार-उसनवारीच्या जाळ्यांचे आगर. एका क्लस्टरची माणसे दुसऱ्या क्लस्टरच्या टरफलात येऊन राहिली. डिसेंबर २०१३ मध्ये अशाच एका शिलाई कारखान्याला आग लागून सात चिनी कामगार मेले. ते तिथेच काम करत आणि तिथेच झोपत.

फळबागांची दरी

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅलीची कहाणी इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्यातला योगायोग पुसला गेला आहे. सांता क्लारा ही जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागांची दरी होती. ट्रान्झिस्टरच्या संशोधकांपैकी एक, विल्यम शॉकली, याने १९५६ मध्ये आपली प्रयोगशाळा तिथे थाटली, त्यामागे आपली आई जवळच पालो आल्टोत राहते हेही एक कारण होते. शॉकलीचा स्वभाव इतका चमत्कारिक, की त्याने निवडून आणलेल्यांपैकी आठ जणांनी पुढच्याच वर्षी नोकरी सोडली आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू केली. तिच्यातून फुटून पुढे डझनावारी कंपन्या निघाल्या, १९६८ ची इंटेल त्यांतलीच. शॉकली गोड स्वभावाचा असता तर काय झाले असते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पेपरात कुणी विचारत नाही, पण विचारायला हरकत नाही.

अर्थात नुसता योगायोग पुरत नाही. स्टॅनफर्डच्या फ्रेडरिक टर्मन यांनी विद्यापीठाच्या जमिनीवर १९५१ मध्ये औद्योगिक वसाहत सुरू केली होती. सुरुवातीच्या चिप्स भरघोस किमतीला विकत घेणारे गिऱ्हाईक होते अमेरिकी संरक्षण खाते आणि अपोलो मोहीम. शिवाय कॅलिफोर्नियात १८७२ पासूनच्या कायद्यामुळे 'नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' असा करार मालकाला कामगारावर सहसा लादता येत नव्हता. मार्शलच्या 'हवेला' इथे कायद्याची खिडकी होती.

तो कायदा किती महत्त्वाचा यावर वाद आहेत, पण फरक प्रत्यक्षात दिसला. अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मध्ये बॉस्टनभोवतीच्या 'रूट १२८' पट्ट्याशी या दरीची तुलना केली. दोन्हीकडे उत्तम विद्यापीठे होती, दोन्हीकडे लष्कराचा पैसा होता. पण बॉस्टनच्या मिनिकॉम्प्युटर कंपन्या तटबंदी घातलेल्या किल्ल्यांसारख्या होत्या, सगळे भाग स्वतः बनवणाऱ्या आणि माणसाला जन्मभर धरून ठेवणाऱ्या. दरीत माणसे वर्षा-दोन वर्षांनी कंपनी बदलत आणि संध्याकाळी एकाच गुत्त्यात बसून कुठली भट्टी का बिघडली याच्या गप्पा मारत. १९८० च्या दशकात दोन्हींवर संकट आले. इंटेलने जपानी स्पर्धेपुढे १९८५ मध्ये मेमरी चिप्सचा धंदा सोडून दिला आणि मायक्रोप्रोसेसरवर भर दिला. बॉस्टनच्या कंपन्यांना तसे वळता आले नाही.

लग्नातली चादर

योगायोगाचे आवडते उदाहरण मात्र अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रूगमन यांनी दिले. जॉर्जिया राज्यातल्या डाल्टनजवळ राहणाऱ्या कॅथरीन इव्हान्स या किशोरवयीन मुलीने १८९५ मध्ये भावाच्या लग्नात द्यायला एक पलंगपोस केला. कापडात जाड सुताचे टाके घालायचे, कापायचे आणि मग कापड उकळून आटवायचे, म्हणजे गोंडे घट्ट बसतात, अशी ही जुनी रीत. शेजारणींना आवडला, मागणी आली, १९०० मध्ये पहिला विकला गेला. पुढे व्यापारी घरोघर कापड आणि सूत वाटू लागले. १९३० च्या दशकात किमान वेतनाचे नियम आल्यावर काम घरांतून शेडमध्ये आणि हातातून यंत्रावर गेले. महायुद्धानंतर कुणीतरी तेच यंत्र रुंद करून गालिचे काढले. विणलेल्या गालिच्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडत. अमेरिकेच्या गालिचा-उद्योगाचा फार मोठा हिस्सा त्या परिसरात एकवटला, त्याचे मूळ एका लग्नभेटीत आहे.

क्रूगमन यांनी १९९१ मध्ये याला गणिती रूप दिले. मोठ्या प्रमाणावर उत्पादन स्वस्त पडते आणि वाहतुकीला खर्च येतो, एवढे धरले तरी कारखाने आणि माणसे एकमेकांना खेचत एका जागी जमतात. कुठे, हे ठरवायला बारीकशी सुरुवात पुरते, आणि एकदा ठरले की ते सहज हलत नाही. २००८ च्या त्यांच्या नोबेलमागे हेही काम होते.

क्लस्टर हा शब्द मात्र सरकारी दालनांत नेला तो हार्वर्डच्या मायकेल पोर्टर यांनी. १९९० मध्ये त्यांनी दहा देशांच्या अभ्यासातून मांडले, की राष्ट्रांची स्पर्धाशक्ती तुरळक कंपन्यांत नसते, ती एकमेकांशी चढाओढ करणाऱ्या आणि एकमेकांना माल पुरवणाऱ्या कंपन्यांच्या पुंजक्यांत असते. सल्लागार संस्था, स्पेनमधल्या बास्क प्रांतासारखी प्रादेशिक सरकारे, जागतिक संस्था, सर्वांनी हा शब्द उचलला. २००३ मध्ये रॉन मार्टिन आणि पीटर सनली या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञांनी त्यावर सडकून टीका केली. क्लस्टर किती मोठे, किती जवळ, संबंध किती घट्ट, काहीच ठरलेले नाही. गल्लीपासून अर्ध्या देशापर्यंत कशालाही क्लस्टर म्हणता येते. ही टीका आजही लागू आहे. ज्या शब्दात सगळे बसते त्याच्या नावाने निधी मागणे फार सोपे असते.

छोटी पायरी

गरीब देशांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची मांडणी, माझ्या मते, पोर्टर यांची नाही. ती ससेक्सच्या विकास-अभ्यास संस्थेतले ह्यूबर्ट श्मिट्झ आणि खालिद नदवी यांची आहे. ब्राझीलच्या सिनोस खोऱ्यातल्या चपला-बुटांच्या आणि पाकिस्तानातल्या सियालकोटच्या शस्त्रक्रियेच्या हत्यारांच्या वस्त्या पाहून त्यांनी दाखवले, की क्लस्टर गुंतवणुकीची पायरी छोटी करते. अख्खा कारखाना उभारायला भांडवल, तंत्रज्ञान, कच्चा माल, गिऱ्हाईक हे सगळे एकदम लागते. पण जिथे कापणारा, शिवणारा, रंगवणारा वेगळा आहे तिथे एक जुने यंत्र घेऊन एकच काम करणाराही धंद्यात शिरतो. कच्चा माल देणारा उधार देतो, बिघडलेले यंत्र कोपऱ्यावरचा मिस्त्री चालू करून देतो. काल कामगार असलेला माणूस उद्या छोटा मालक होऊ शकतो, आणि बुडाला तरी परवा पुन्हा कामगार होऊन तगतो. विकासात क्लस्टरचे खरे काम हे आहे.

मात्र आपोआप मिळणाऱ्या या फायद्यांवर मोठे संकट पेलत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दर्जाच्या कारणावरून सियालकोटच्या हत्यारांची आयात रोखली. एकमेकांचे भाव पाडणाऱ्या शेकडो कारखान्यांना तेव्हा संघटनेमार्फत एकत्र येऊन दर्जाची प्रमाणपत्रे मिळवावी लागली, आणि त्यांनी ती मिळवली. याच गावाच्या फुटबॉल धंद्यातल्या बालमजुरीवर जगभर टीका झाली तेव्हा १९९७ मध्ये अटलांटा इथे करार झाला आणि घरोघरची शिलाई देखरेखीखालच्या केंद्रांत आणावी लागली. तिथल्या कारखानदारांनी पुढे वर्गणी काढून स्वतःचा विमानतळही बांधला.

तमिळनाडूतल्या तिरुप्पूरची गोष्ट याच्याच उलट्या बाजूची. सुती विणलेल्या कपड्यांच्या निर्यातीने हे गाव वर आले, शेतीतून आलेली माणसे शिलाई मशीनवरून मालकीपर्यंत पोचली. पण रंगाई-धुलाईचे सांडपाणी नोय्यल नदीत गेले आणि खालच्या शेतकऱ्यांच्या विहिरी नासल्या. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद करायला लावले. विणणारा, शिवणारा, निर्यात करणारा, सगळ्यांचे काम अडले, कारण साखळीतली एक कडी तुटली की बाकीच्यांना काही करता येत नाही. पाणी शुद्ध करण्याचा खर्च कुणा एकट्याला परवडत नव्हता आणि तो न करण्याचा फायदा प्रत्येकाला होत होता.

घट्ट वीण

क्लस्टर मरते ते कशाने? बाहेरच्या स्पर्धेने, असे सहसा म्हणतात. स्विस घड्याळांचे उदाहरण याहून बोचरे आहे. जुरा डोंगरातल्या गावांत सुटे भाग घरोघरी करून घड्याळ जोडण्याची पद्धत अठराव्या शतकापासून होती. १९६७ मध्ये न्यूशातेलच्या प्रयोगशाळेत क्वार्ट्झच्या मनगटी घड्याळाचा नमुना स्विसांनी स्वतःच तयार केला होता. तो वेळेवर बाजारात आणला मात्र जपानच्या सैकोने, १९६९ च्या नाताळात. ज्या गावांचे सारे कसब चक्रे आणि स्प्रिंगांत होते त्यांना बॅटरीवरचे घड्याळ हे घड्याळच वाटेना. १९७० च्या सुमारास नव्वद हजारांच्या घरात असलेली कामगारसंख्या पंधरा वर्षांत जेमतेम एक तृतीयांश उरली. १९८३ चे स्वॉच आणि नंतर महागड्या यांत्रिक घड्याळांची हौस यांनी तो धंदा सावरला.

जर्मनीतल्या रूर खोऱ्याबद्दल गेर्नोट ग्राबर यांनी १९९३ मध्ये हेच निदान केले. कोळसा, पोलाद, युनियन, नगरपालिका यांचे संबंध इतके जवळचे होते, की वाईट बातमी आतपर्यंत पोचतच नव्हती. मोठ्या कंपन्यांच्या ताब्यात जमिनी एवढ्या, की नव्या उद्योगाला जागा मिळेना. डेट्रॉईटचे तर आकडेच बोलतात. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती, २०१० मध्ये सात लाखांच्या थोडी वर, आणि २०१३ मध्ये शहर दिवाळखोरीत. १९९२ मध्ये एडवर्ड ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी शहरांची १९५६ ते १९८७ ची आकडेवारी तपासली, तेव्हा एकाच धंद्यात मुरलेल्या शहरांपेक्षा अनेक धंदे शेजारी-शेजारी असलेली शहरे वेगाने वाढलेली दिसली. मार्शलच्या समर्थकांना हा निष्कर्ष अजून पचलेला नाही.

मग सरकारने काय करावे? मुरानोचे उदाहरण गमतीदार आहे. १२९१ मध्ये व्हेनिसने आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या त्या बेटावर हलवल्या आणि पुढे कारागिरांना प्रजासत्ताक सोडून जायलाच बंदी केली. क्लस्टर धोरणाचा हा जुना आणि सर्वांत कठोर नमुना म्हणता येईल. त्यातूनही कारागीर पळालेच. आधुनिक काळातला यशस्वी नमुना तैवानच्या शिंचूचा सांगतात. विज्ञान उद्यान १९८० चे, पण त्याआधी १९७३ मध्येच सरकारी संशोधन संस्था उभी राहिली होती. तिने अमेरिकन कंपनीकडून चिप तंत्रज्ञान घेतले, इंजिनिअर तयार केले, त्यांना बाहेर पडून कंपन्या काढू दिल्या, आणि १९८७ मध्ये तिच्यातूनच टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी निघाली. इमारती शेवटी आल्या, माणसे आधी. कार्पीमध्ये तर सरकारने याहून साधे काम केले : छोट्या कारखान्यांना पुढच्या हंगामाच्या फॅशनची माहिती आणि डिझाइनचे सॉफ्टवेअर मिळेल असे एक सेवाकेंद्र, जे कुणा एकाला परवडले नसते. जिथे वस्ती आधीच आहे तिथे प्रयोगशाळा, सांडपाणी केंद्र, नावाचे संरक्षण, प्रशिक्षण हे चालते. जिथे वस्तीच नाही तिथे फलक लावून आणि भूखंड पाडून ती येईल अशी वाट पाहण्यात कित्येक देशांनी दशके घालवली आहेत.

शेफिल्डमध्ये आता छोटे उस्ताद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. पण २००१ मध्ये तिथल्या विद्यापीठाने बोईंगबरोबर गावाच्या सीमेवर, जुन्या कोळसाखाणीच्या भरून काढलेल्या जमिनीवर, एक संशोधन केंद्र काढले. विमानाचे भाग करण्यासाठी टायटॅनियमसारखे कठीण धातू वेगाने आणि नेमके कसे कापायचे, हा तिथला पहिल्यापासूनचा विषय आहे.